कॅरिबियन किनाऱ्यावरील हवामान-नोंदींचा इतिहास

कॅरिबियन समुद्राच्या बेटांवर वर्षातले बहुतेक दिवस एकमेकांसारखेच असतात. पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून व्यापारी वारे वाहत असतात. त्यांचा वेग बहुधा १० ते २० नॉटच्या दरम्यान राहतो. सकाळी ते मंद असतात. ऊन चढून जमीन तापली की समुद्रावरचे खारे वारे त्यांना येऊन मिळतात आणि दुपारपर्यंत लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. जमैकात या दुपारच्या वाऱ्याला ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण तो सुटला की उकाडा आणि मरगळ दोन्ही जातात. रात्री जमीन निवते आणि डोंगरउतारांवरून मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. बेटांच्या पूर्वेकडचा, वाऱ्याला सामोरा असलेला किनारा कायम खवळलेला असतो, तर पश्चिमेकडे, डोंगरांच्या आडोशाला, पाणी बरेचदा संथ असते. जुनी बंदरे आणि मासेमारीची गावे पश्चिमेच्या बाजूला अधिक वसली, ती यामुळेच. भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो. समुद्राचे तापमान हिवाळ्यात २६ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि सप्टेंबरात २९ अंशांपर्यंत असते. डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने. मेपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस, त्यातही जुलैच्या सुमारास थोडी उघडीप. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे झोत क्यूबा, युकातान आणि बेलीझपर्यंत येतात. स्पॅनिश भाषक त्यांना ‘नॉर्ते’ म्हणतात. उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटाही याच दिवसांत पोर्तो रिकोच्या उत्तर आणि वायव्य किनाऱ्यावर येऊन थडकतात.

हवेचा दाबही असाच शिस्तीचा. तो सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो, तर पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वात कमी. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १७९९ च्या जुलैत व्हेनेझुएलाच्या कुमाना बंदरात उतरले, तेव्हा वायुभारमापकातल्या पाऱ्याचा हा चढ-उतार पाहून ते थक्क झाले. पारा घड्याळासारखा चालत होता. त्याच्याकडे पाहून किती वाजले असतील याचा अंदाज बांधता येत होता. युरोपात असे होत नाही. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या वादळी प्रणालींच्या गोंधळात ही दैनंदिन लय झाकून जाते.

या प्रदेशातील हवामानशास्त्राचा सगळा इतिहास या एकसारखेपणावर उभा आहे. जिथे उद्याचा दिवस आजच्यासारखाच असणार हे जवळजवळ ठरलेले असते, तिथे पाऱ्यात झालेली दोन-तीन मिलिमीटरची अवेळी घट किंवा नेहमीपेक्षा संथ लयीने येणाऱ्या लाटा ही मोठी बातमी असते. ती वाचायची, तर रोज काय घडते हे आधी माहीत असले पाहिजे. चक्रीवादळांचे भाकीत इथे शक्य झाले, ते ज्या दिवशी काहीच घडत नव्हते त्या दिवशीही नोंद करणाऱ्या माणसांमुळे.

युरोपीय लोक येण्यापूर्वी ही नोंद स्मरणात होती. क्यूबा, हिस्पानिओला, पोर्तो रिको या बेटांवरचे ताइनो लोक मक्याऐवजी मुख्यतः कसावा पिकवत. जमिनीखाली वाढणारा हा कंद वादळातही पुष्कळसा वाचतो. १४९० च्या दशकात रामोन पाने या ख्रिस्ती साधूने हिस्पानिओलावरील ताइनोंच्या श्रद्धा लिहून ठेवल्या. त्यांत ग्वाबान्सेक्स ही क्रुद्ध देवी येते. ती वारा आणि पाणी हलवते. तिचा एक दूत पुढे जाऊन वर्दी देतो आणि दुसरा डोंगरांमधले पाणी गोळा करून पुराच्या रूपाने सोडतो. आधी वर्दी, मग वारा, मग पूर हा क्रम नुसत्या कल्पनेतून आलेला वाटत नाही. चक्रीवादळ डोंगराळ बेटावरून जाते तेव्हा तसेच घडते. स्पॅनिश, इंग्रजी आणि फ्रेंच भाषांनी या वादळाचे नावही ताइनोंकडूनच घेतले.

क्रिस्तोफर कोलंबस वादळाची पूर्वचिन्हे काही वर्षांतच ओळखायला शिकला होता. चौथ्या सफरीत, २९ जून १५०२ रोजी, तो सांतो दोमिंगोच्या बंदराबाहेर येऊन थांबला. वादळ येत आहे, आसरा द्यावा आणि स्पेनला निघालेला ताफा काही दिवस रोखून धरावा, अशी विनंती त्याने गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदोला केली. ओव्हांदोने दोन्ही गोष्टी नाकारल्या. सुमारे ३० जहाजांचा ताफा निघाला आणि हिस्पानिओलाच्या पूर्व टोकाजवळ वादळात सापडला. २० च्या आसपास जहाजे बुडाली, ५०० च्या वर माणसे गेली. कोलंबसला पूर्वी बेड्या घालून परत पाठवणारा फ्रान्सिस्को दे बोबादिया त्यांच्यातच होता. कोलंबसने मात्र आपली चार जहाजे बेटाच्या दक्षिण किनाऱ्याच्या आडोशाला नेली आणि ती वाचली. या किनाऱ्यावरचा लिखित नोंद असलेला हा पहिला वादळ-इशारा. तो बरोबर होता आणि ऐकला गेला नाही. पुढच्या चार शतकांत असे पुन्हा पुन्हा घडले.

वसाहतींच्या काळात वादळाचे ज्ञान पंचांगासारखे वापरले जाई. ब्रिटिश बेटांवरून साखर घेऊन जाणारी जहाजे १ ऑगस्टपूर्वी निघावीत अशी धडपड असे, कारण त्या तारखेनंतर विम्याचा हप्ता एकदम वाढे. स्पॅनिश बेटांवर वादळाला ते ज्या दिवशी आले त्या दिवसाच्या संताचे नाव मिळे. सान सिरिआको, सान फेलिपे ही पोर्तो रिकोच्या इतिहासातली नावे तशीच आली आहेत. व्हर्जिन बेटांवर जुलैच्या चौथ्या सोमवारी रक्षणासाठी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी, हंगाम सरत आल्यावर, आभारासाठी प्रार्थना करण्याचा प्रघात पडला. हे सगळे ऋतूचे ज्ञान होते. कोणत्या महिन्यात भीती बाळगायची हे त्यातून कळे, कोणत्या दिवशी हे मात्र कळत नसे.

दिवसांची नोंद मळेवाल्यांच्या रोजनिशांत सुरू झाली. जमैकाच्या पश्चिम भागात आधी मुकादम आणि नंतर मळेमालक असलेल्या थॉमस थिसलवूड याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन दशकांहून अधिक काळ पाऊस, वारा आणि तापमान टिपून ठेवले. याच हाताने, याच सातत्याने, त्याने गुलाम स्त्री-पुरुषांवर आपण केलेल्या अत्याचारांचीही नोंद केली. हवामान-इतिहासकारांसाठी त्याची टिपणे मोलाची आहेत, पण ती वाचताना हे दुसरे पान बाजूला ठेवता येत नाही. त्या मळ्यांवर वादळानंतर सर्वात आधी उपाशी मरत ते गुलामच. ३ ऑक्टोबर १७८० च्या वादळाने सव्हाना-ला-मार हे गाव उद्ध्वस्त केले आणि थिसलवूडचा मळाही. त्याच महिन्याच्या १० तारखेपासून बार्बाडोस, मार्टिनिक आणि सेंट युस्टेशियस या बेटांवरून गेलेल्या ‘महावादळा’त २०,००० हून अधिक माणसे मेली. अटलांटिकच्या ज्ञात इतिहासात इतके बळी घेणारे दुसरे वादळ नाही.

हे वादळ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मिळायला आणखी ५० वर्षे गेली. विल्यम डॅम्पियर या दर्यावर्दी लेखकाने सतराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या समुद्रातले टायफून आणि वेस्ट इंडीजमधली वादळे ही एकच जात असल्याचे ओळखले होते. १८३१ मध्ये अमेरिकेत विल्यम रेडफील्ड यांनी वादळ हा एक प्रचंड भोवरा असतो हे मांडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बार्बाडोस उद्ध्वस्त झाले आणि पुनर्बांधणीसाठी ब्रिटिश लष्करी अभियंता विल्यम रीड तिथे पाठवला गेला. पडलेल्या इमारती उभ्या करता करता त्याने जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या, निरनिराळ्या ठिकाणच्या वाऱ्याच्या दिशा नकाशावर मांडल्या आणि १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. पुढे तो याच बेटाचा गव्हर्नर झाला आणि १८४७ मध्ये पारा उतरू लागला की बंदरात इशारा लावण्याची पद्धत त्याने बार्बाडोसमध्ये सुरू केली. रीडच्या पुस्तकाने प्रभावित झालेला कलकत्त्याचा हेन्री पिडिंग्टन बंगालच्या उपसागरातली वादळे अभ्यासत होता. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याने घडवला आणि १८४८ च्या आपल्या नाविक-पुस्तकातून रूढ केला. कॅरिबियन आणि बंगाल यांचे वादळ-ज्ञान असे एकमेकांच्या आधाराने वाढले. १८५५ मध्ये क्यूबाच्या आंद्रेस पोए यांनी १४९३ पासूनच्या ४०० वादळांची कालानुक्रमी यादी छापली. आता माहिती होती, सिद्धान्तही होता. उणीव होती ती रोज आकाशाकडे पाहून उद्याचे सांगणाऱ्या माणसाची.

तो माणूस १८७० मध्ये हवानाला आला. बेनितो विन्येस हे १८३७ मध्ये कातालोनियात जन्मलेले जेझुइट पाद्री. हवानातल्या बेलेन महाविद्यालयाची वेधशाळा जेझुइटांनी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढली होती. तिचे संचालकपद त्यांच्याकडे आले आणि २३ जुलै १८९३ रोजी मृत्यू येईपर्यंत राहिले. सुरुवातीला त्यांनी काही नवे शोधले नाही. आधीच्या संचालकांच्या काळातली वर्षानुवर्षांची टिपणे वाचली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसात अनेक वेळा स्वतः नोंदी घ्यायला सुरुवात केली: दाब, तापमान, आर्द्रता, वारा, आणि मुख्यतः ढग. कोणता ढग कोणत्या उंचीवर आहे आणि कुठून कुठे सरकतो, याची इतकी चिकाटीने केलेली नोंद त्यापूर्वी उष्ण कटिबंधात क्वचितच झाली होती.

त्या नोंदींतून त्यांना चक्रीवादळाची उभी रचना दिसली. खालच्या थरातले ढग वादळाच्या केंद्राकडे वळत आत खेचले जातात. मधल्या थरातले केंद्राभोवती फिरतात. सर्वात उंचावरचे सिरस ढग, म्हणजे पिसांसारखे बर्फकणांचे तंतू, बाहेर फेकले जातात. वादळ कित्येकशे किलोमीटर दूर असताना, किनाऱ्यावर ऊन पडलेले आणि वारा नेहमीचाच असताना, हे तंतू क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारखे उमललेले दिसतात. तो बिंदू म्हणजे वादळाची दिशा. दुसऱ्या दिवशी बिंदू क्षितिजावर सरकला असेल, तर वादळ बाजूने जात आहे. जागचा हलला नसेल आणि ढग दाटत असतील, तर ते अंगावर येत आहे. समुद्रही साक्ष देतो. व्यापारी वाऱ्यांच्या लाटा आखूड आणि घाईच्या असतात. दूरच्या वादळाची लाट लांब, संथ आणि जड असते, आणि ती बहुधा नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेशी जुळत नाही. कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. विन्येस यांनी त्या ज्ञानाला कोन, वेळ आणि अंतर यांची मापे दिली. वादळे कोणत्या महिन्यात साधारण कोणत्या अक्षांशावर उत्तरेकडे वळतात, याचेही त्यांनी नियम बसवले.

११ सप्टेंबर १८७५ रोजी हवानाच्या वृत्तपत्रांत त्यांचा पहिला इशारा छापून आला. दोन दिवसांनी वादळ क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आले. पुढे तेच वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरले आणि टेक्ससचे इंडियानोला बंदर त्याने मोडून टाकले.  पुढच्या वर्षी पुन्हा वादळे आली आणि विन्येस यांची भाकिते पुन्हा खरी ठरली. १८७७ मध्ये त्यांनी या दोन वर्षांच्या वादळांवर पुस्तक काढले आणि आधीच्या वर्षीच्या सान फेलिपे वादळाची पडझड पाहायला ते पोर्तो रिकोला जाऊन आले. बेटांमध्ये समुद्राखालून तारा पडल्या होत्या. हवाना आणि की वेस्ट १८६७ पासूनच जोडले गेले होते. व्यापारी, जहाज कंपन्या आणि तार कंपन्यांच्या मदतीने विन्येस यांनी इतर बेटांवरून रोजच्या नोंदी मागवायला सुरुवात केली. सरकारी तिजोरीचा आधार फारसा नसताना, एका शाळेच्या गच्चीवरून, त्या काळातले अतिशय भरवशाचे वादळ-भाकीत दिले जात होते. ही कामगिरी जितकी प्रसिद्ध व्हायला हवी होती तितकी ती स्पॅनिश भाषेबाहेर झाली नाही.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेला आपल्या आरमाराच्या काळजीने कॅरिबियनमध्ये स्वतःची इशारा-यंत्रणा उभारावी लागली. तिचे केंद्र आधी किंग्स्टनला आणि १८९९ मध्ये हवानाला आले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला सान सिरिआको वादळाने पोर्तो रिकोत ३,००० हून अधिक बळी घेतले. किनाऱ्यावरच्या बंदरांत इशारा पोचला होता, डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यांवर तो पोचला नाही, आणि माणसे मेली ती बहुतांशी पुरात.

त्यानंतरचे वर्ष अधिक लाजिरवाणे ठरले. क्यूबा तेव्हा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होते. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचे प्रमुख विलिस मूर यांना क्यूबन वेधशाळांची भाकिते विनाकारण घबराट पसरवणारी वाटत. ऑगस्ट १९०० च्या अखेरीस क्यूबातून हवामानविषयक तारा पाठवण्यावर लष्करी खात्यामार्फत बंदी आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक वादळ क्यूबावरून गेले. ते उत्तरेला वळून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने अटलांटिकमध्ये जाईल, असे वॉशिंग्टनने ठरवले होते. बेलेनमध्ये विन्येस यांचे उत्तराधिकारी लोरेन्सो गांगोइते यांनी ढगांवरून उलट निष्कर्ष काढला: वादळ आखातात शिरले आहे आणि टेक्ससकडे चालले आहे. ८ सप्टेंबरला ते गॅल्व्हेस्टनवर आदळले. समुद्र शहरावर चढला आणि किमान ६,००० माणसे मेली. सामान्यतः ८,००० हा आकडा धरला जातो. बेलेनची तार गेली असती तरी गॅल्व्हेस्टन रिकामे झालेच असते असे म्हणता येत नाही. परंतु ३० वर्षांच्या रोजच्या नोंदींवर उभे असलेले ज्ञान केवळ ते कोणाचे आहे यावरून बाद केले गेले, एवढे निश्चित आहे. बंदी नंतर लवकरच उठली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रश्न हळूहळू बदलला. वादळ कुठे आहे हे कळणे सोपे होत गेले. १९०९ च्या ऑगस्टमध्ये युकातानजवळच्या एका जहाजाने बिनतारी संदेशाने चक्रीवादळाची खबर दिली आणि तेव्हापासून खुल्या समुद्रावरच्या नोंदी ताज्या मिळू लागल्या. अवघड राहिले ते कळलेले लोकांपर्यंत नेणे. पोर्तो रिकोत १३ सप्टेंबर १९२८ ला आलेले दुसरे सान फेलिपे वादळ सान सिरिआकोपेक्षा बलवान होते, पण रेडिओ आणि पोलीस ठाण्यांमार्फत इशारा अंतर्भागात गेला आणि मृतांची संख्या सुमारे ३०० वर राहिली. हेच वादळ इशारा कमी पोचलेल्या ग्वादलूपमध्ये १,००० हून अधिक आणि फ्लोरिडात सुमारे २,५०० लोकांचा बळी घेऊन गेले. चार वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९३२ रोजी, क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सांता क्रूस देल सूर या सखल गावात समुद्र सुमारे ६ मीटर चढला. उथळ किनारा आणि बाहेर काढण्याची कसलीही व्यवस्था नसलेले गाव. जवळपास ३,००० माणसे गेली. सहा महिन्यांचा हंगाम जवळजवळ संपलेला असताना हे घडले.

पुढची साधने ओळखीची आहेत. २७ जुलै १९४३ ला जोसेफ डकवर्थ या अमेरिकी वैमानिकाने टेक्ससजवळ विमान वादळाच्या डोळ्यात नेऊन आणले आणि हवाई टेहळणी सुरू झाली. १ एप्रिल १९६० ला टायरोस-१ हा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह सुटला; त्यानंतर कोणतेही चक्रीवादळ न दिसता बेटावर येण्याचे दिवस संपत गेले. बेलेनची वेधशाळा मात्र हे पाहायला फार काळ राहिली नाही. १९६१ मध्ये क्रांतीनंतरच्या सरकारने महाविद्यालय ताब्यात घेतले, जेझुइट मायामीला गेले आणि शंभर वर्षांची परंपरा तुटली. हवानाच्या उपसागरापलीकडे कासाब्लांका टेकडीवरची राष्ट्रीय वेधशाळा, जिचे संचालक होसे कार्लोस मियास चार दशके होते, तिच्याकडे काम राहिले. १९६३ च्या ऑक्टोबरात ‘फ्लोरा’ चक्रीवादळ क्यूबाच्या पूर्व भागावर कित्येक दिवस घिरट्या घालत राहिले आणि तिथे १,७०० हून अधिक माणसे पुरात मेली. हैतीत बळींची संख्या ५,००० च्या घरात गेली. त्यानंतर क्यूबाने १९६५ मध्ये हवामानशास्त्र संस्था उभारली आणि तिच्या जोडीला नागरी संरक्षणाची व्यवस्था उभी केली. गल्लीपातळीवर कोणी कोणाला घेऊन कुठे जायचे हे हंगामाआधीच ठरवण्याची तिथली पद्धत जगभर अभ्यासली गेली आहे.

या किनाऱ्यावर आता दिवसातून अनेकदा पत्रके निघतात. सान हुआनचे हवामान कार्यालय लाटांची उंची आणि त्यांच्यामधला कालावधी, लहान होड्यांसाठीचे इशारे आणि पुळणींवर पोहणाऱ्यांना आत ओढणाऱ्या प्रवाहांचा धोका रोज जाहीर करते. खुल्या समुद्रातले तरंगते मापक लाटांचे आकडे सतत पाठवत असतात. लाटांमधला कालावधी लांबला की दूर कुठेतरी वादळ आहे, हे विन्येस यांचे निरीक्षण त्या पत्रकांत सेकंदांच्या रूपात येते. यंत्रणा किती नाजूक आहे हे २० सप्टेंबर २०१७ ला ‘मरिया’ वादळात दिसले. पोर्तो रिकोच्या डोंगरावरचे मुख्य रडार वाऱ्याने मोडून पडले, वीज आणि दूरसंचार बंद झाले आणि इशारे तयार असूनही ते बेटावरच्या लोकांपर्यंत नेण्याचे मार्ग उरले नाहीत. सान सिरिआकोच्या वेळी डोंगरातल्या गावांचे जे झाले होते, त्याच्या जवळ जाणारी ही अवस्था होती.

अलीकडे नोंदवहीत नवे रकाने आले आहेत. जून-जुलैत सहारातून अटलांटिक ओलांडून येणारी धूळ उपग्रहांमुळे रोज मोजता येते. ती आली की आकाश दुधाळ होते, दम्याच्या रुग्णांना त्रास वाढतो आणि त्या कोरड्या हवेत वादळे सहसा जोर धरत नाहीत. २०११ पासून सार्गॅसम हे तरंगते समुद्री शेवाळ पूर्वी कधी न आलेल्या प्रमाणात कॅरिबियन किनाऱ्यांवर येऊ लागले. ते कुजताना दुर्गंधीयुक्त वायू सुटतो आणि कोळ्यांची जाळी व होड्यांची इंजिने अडकतात, म्हणून त्याचेही अंदाज आता प्रसिद्ध होतात. पाण्याच्या तापमानाचा रकाना पूर्वीपासून होता, पण त्याचा अर्थ बदलला. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅरिबियन समुद्र इतका तापला की प्रवाळांच्या ताणाची पातळी सांगणाऱ्या जागतिक मोजपट्टीला वरच्या टोकाला नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या, आणि अनेक बेटांभोवतीची प्रवाळे पांढरी पडली.